सायलेन्सरची ऊब

जम्मू, ता. १४ जानेवारी १९६२

बाबांले श्रावणचा जयभीम.

फटफटी काहून घेतली, हे अजून किती खेपा विचारसान? मी इकडे निघालो तवा मूर्तिजापूरच्या टेसनावर तुमी चौघांसमोर बोलले होते, "थंडीत याचे हात गळून पडतीन, तवाच याले अक्कल येईन." मी इसरलो नाही.

मी खुशाल आहो. जेवण पोटभर मिळते. ठेकेदाराचे कागद बुलेटवर बनिहालच्या घाटात नेत होतो, म्हणून पगारही बाकीच्या गड्यांहून जादा होता.

गेल्या महिन्यात बर्फात चार घंटे गाडी चालवली. डाव्या हाताची बोटं लाकडावानी झाली. आपल्याकडे शेकोटीवर हात धरतो, तसा मी गरम सायलेन्सरले हात लावून बसलो. काहीच दुखलं नाही. मांसाचा जळका वास आला, तवा खाली पाहिलं. इथले लोक बोलले, बधिर बोटं आगीजवळ नेत नसतात, काखेत धरतात. वऱ्हाडातल्या माणसाले हे कोण सांगणार?

दवाखान्यात तीन बोटं काढली. उजवा हात साजरा आहे, अक्षर पयल्यासारखंच वंगाळ आहे. मायले सांगू नका. तिचे गुडघे कसे आहेत? अंजनगावहून केशरबाई मावशी तिले पाहाले आली होती काय?

आता क्लच दाबता येत नाही, म्हणून गाडी विकून टाकली.

तुमचा बोल खरा करणारा,
श्रावण

ता. क. गाडीचे आले तेवढे सगळे मनिऑर्डरनं पाठवून राहिलो. त्याच चौघांसमोर मोजून घ्या. रुपये आठशे.