देवरावकाकांची न बुडणारी विनाशिका

यवतमाळ, दसऱ्यानंतरचा रविवार

ती. पद्मजाताईस,
चंद्रशेखरचा शि. सा. नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींची साखर, दोन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. इकडे तुझे वडील, आमचे देवरावकाका, चौऱ्याऐंशीव्या वर्षीही ठणठणीत आहेत. धक्का बसलाय तो मला.

काका महायुद्धात इंग्रजांच्या विनाशिकेवर भटारखान्यात होते आणि ती शत्रूचा पाणतीर (टॉर्पेडो) लागून बुडाली, हे तुला मी काय सांगणार! (सगळं यवतमाळ ऐकून आहे.) यंदा आमच्या दुर्गा मंडळानं हाच देखावा घेतला. मंडपासमोर मोठा हौद बांधला. डोमाजी पेंटरनं पत्रा आणि प्लायवूडची बैलगाडीएवढी विनाशिका केली. रोज आरतीनंतर तळाचं बूच काढायचं, जहाज बुडवायचं आणि मग दोरानं वर ओढायचं, असा बेत. सल्लागार अर्थातच काका. तोफ कुठे, शिडी कुठे, सगळं त्यांनी सांगितलं. पण आतला भाग स्वतः बंद केला आणि कोणाला डोकावू दिलं नाही. (नौदलाची पद्धत असेल म्हणून मी गप्प. मंडळाचा सचिव आहे ना मी!)

पहिल्या माळेला ही गर्दी! बूच काढलं, बँड वाजला, लाउडस्पीकरवरून "आता बुडणार, आता बुडणार" सुरू झालं. ताई, जहाज वीतभर खाली गेलं आणि डबक्यातल्या म्हशीसारखं तिथंच बसलं! डोमाजीनं वर चढून उड्या मारल्या, तरी ढिम्म. प्रमुख पाहुणे घड्याळ बघून निघून गेले. शेवटी फळी उचकटली, तर आत खताच्या प्लास्टिकच्या पिशव्या, मेणबत्तीनं तोंडं चिकटवलेल्या, आणि त्यांत ठासून कापूस! कापसाला भाव नाही, निदान आमच्या मितालीच्या लग्नाच्या गाद्या तरी होतील, म्हणून तू पुसदहून पाठवलेला तोच कापूस. आमची ममता, लग्नाच्या मुलीची आई, तिथंच पिशव्या मोजू लागली.

काकांना चारचौघांत जाब विचारला. ते म्हणाले, "एकडाव बुडाली ते पाह्यली म्या. आता दररोज कायले पाहू? खेमसिंग खालीच राह्यला ना बाप्पा, भाकरी भाजत." एवढं बोलून हौदाकाठी खुर्ची टाकून बसले, ते नऊही दिवस; त्यांच्यासमोर पिशव्यांना हात लावायची कोणाची छाती झाली नाही. खेमसिंग त्यांच्यासोबत गावातून भरती झालेला, हे मला त्या दिवशी कळलं. पण म्हणून मंडळाची अब्रू घालवायची? मी फार चिडलो आहे. तू त्यांना चांगलं खडसावून लिही.

तुझा,
चंदू

ता. क. कोजागिरीला पिशव्या काढून जहाज एकदा तरी बुडवायचंच, असा ठराव झाला. काम सचिवाकडे. काल सकाळी हौदात उतरलो. काका खुर्चीतून बघत होते. मी पिशव्या तशाच ठेवल्या, बूच ठोकून पक्कं बसवलं आणि वर आलो. मिताली सतरंजीवर झोपायला तयार आहे.

आणखी एक. उंदरांनी दोन पिशव्या कुरतडल्यात. सकाळपासून जहाज डावीकडे कललंय. दोन गाठोडी कापूस पुसदच्या पहिल्या गाडीनं पाठव, कवडीचा असला तरी चालेल. काकांनी विचारलं तर गाद्यांसाठी म्हणून सांग.