उलट्या आट्यांचा पलंग

तीर्थस्वरूप ताईस,

खुडबुड्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी गुडघे सध्या वाकत नाहीत, कंबर अर्धवट चालू आहे आणि उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. उरलेल्या अंगांचा नमस्कार पूर्ण धरून घ्यावा.) इकडे सर्व क्षेम. क्षेम म्हणजे घरात कोणी आजारी नाही आणि कोणी कोणाशी बोलायचं थांबलेलं नाही. तुझी भावजय माझ्याशी बोलते, फक्त भिंतीकडे बघून बोलते. तुझी पाठ, भावोजींचं पोट आणि तुमची लिफ्ट यांच्या तब्येती आता कशा आहेत ते कळव. भावोजींना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नकोस. त्यांच्या खुर्चीचा विषय पुढे येणार आहे.

पत्र कशाला, फोन करायचा, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? ‘पलंग झाला की नाही, एका शब्दात सांग’ एवढं म्हणून तू गप्प बसतेस, आणि तू गप्प बसलीस की माझी लहानपणापासून बोबडी वळते. शिवाय या पलंगाचं उत्तर एका शब्दात मावणारं नाही. म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलो आहे. बसलो आहे म्हणजे बसतो आणि उठतो. (आताच उठून आईच्या खोलीत डोकावून आलो. झोपली आहे. पलंग उभा आहे.)

तर मुळापासून सांगतो. आईनं आता कायमचं तुझ्याकडे राहायचं, हे तू ठरवलंस. तुझ्याकडे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, डॉक्टर त्याच इमारतीत आहेत. आमच्याकडे तीन जिने आहेत आणि मी आहे. तुझं म्हणणं बिनतोड होतं आणि सगळ्यात आधी ‘हो’ मीच म्हणालो, याची नोंद असू दे. आई नुसती म्हणाली, माझा पलंग येणार असेल तर मी येईन. तू म्हणालीस, नवा घेऊ. तिनं खिडकीकडे तोंड केलं. आता तो पलंग तुला ठाऊक आहेच. तो खोलीतच जोडलेला, दार त्याच्यापुढे लहान, आणि चारही कोपऱ्यांतले लोखंडी बोल्ट लाकडात असे गंजून बसलेले की पलंग कुठला आणि बोल्ट कुठला ते सांगता येऊ नये. सगळे हात टेकून बसले होते. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘एवढंच ना?’ (हे दोन शब्द मी उच्चारले की घरातली माणसं मौल्यवान वस्तू कपाटात ठेवतात. भिंतीवरचं घड्याळ मी उघडलं तेव्हाही हेच म्हणालो होतो. ते घड्याळ अजून त्या वेळेवर ठाम आहे.)

बोल्ट कापून काढले. इथपर्यंत माझं काही चुकलं नाही असं मी कोणत्याही कोर्टात सांगेन. पण कापलेला बोल्ट परत जोडता येत नाही, आणि आईचा पलंग आता भिंतीला टेकवलेल्या चार फळ्या झाला होता. आई माझ्या खाटेवर आली. तुझी भावजय सतरंजीवर गेली, आणि मी दिवाणखान्यात दोन खुर्च्या जोडून. हिनं त्याच दिवशी सुतार बोलावला. त्यानं पलंग पाहिला, भोकात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, या मापाचे लोखंडी बोल्ट पलीकडच्या गल्लीत मिळतात, अर्ध्या तासाचं काम आहे. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. लोखंड पुन्हा गंजणार, पुन्हा कुरकुरणार, आईची झोप सावध, आणि तुझ्या घरी हवा दमट. मला लाकडी बोल्ट करायचे होते. आमच्या ऑफिसखालच्या बुकबाइंडरकडे पुस्तकं दाबायचा एक जुना दाब आहे, त्याचा स्क्रू अख्खा लाकडाचा, मनगटाएवढा जाड, आणि आटे लोण्यातून कापल्यासारखे. जाता-येता तो पाहून मी वेडा झालो होतो. हिनं डोक्याला हात लावला. आश्चर्य म्हणजे आई माझ्या बाजूनं उभी राहिली. म्हणाली, ‘करू दे त्याला. घाई कसली आहे?’ ताई, माझ्या खुडबुडीची बाजू आईनं जन्मात कधी घेतली होती का? मला तर भरूनच आलं.

लाकडाचे आटे पाडणं म्हणजे काय ते तुला थोडक्यात सांगतो. (थोडक्यात सांगतो म्हटल्यावर हीसुद्धा उठून जाते, पण तू कागद आहेस, तुला जाता येणार नाही.) नटाच्या भोकात आतून आटे पाडायला एक हत्यार लागतं, आणि बोल्टाच्या दांड्यावर बाहेरून पाडायला दुसरं. दोन्ही हत्यारं आपणच करायची. आधी एका गोल दांडक्यावर जिन्यासारखी चढत जाणारी रेघ आखायची, त्या रेघेवर करवतीनं खाच पाडायची आणि तिच्यात पोलादाचा एक दात बसवायचा. तो दात भोकात फिरत फिरत आटे कोरत जातो. सगळा खेळ त्या पहिल्या रेघेचा. ती एकदा आखली की पुढचा प्रत्येक नट आणि प्रत्येक बोल्ट तिचंच पोर.

गोल दांडकं म्हणून आधी घरातलं लाटणं घेतलं. (याबद्दल जे व्हायचं ते बोलणं होऊन गेलं आहे. नवीन लाटणं आणलं आहे आणि ते ही रात्री उशाशी घेऊन झोपते.) बोल्टांसाठी फरशी पुसायचा दांडा वापरून पाहिला. त्याचं लाकूड इतकं मऊ की आट्यांचा चुरा होऊन हातात आला. कठीण, मुरलेलं, न चिरणारं लाकूड हवं होतं, आणि तसं लाकूड घरात एकाच ठिकाणी होतं. भावोजी इथे आले की ज्या खुर्चीवर बसतात, तिचे पाय. ताई, ती खुर्ची डुगडुगत होती हे तूच गेल्या खेपेला म्हणाली होतीस. आता डुगडुगत नाही. पायांचे बोल्ट झाले, पाठीचे आणि बैठकीचे नट झाले, आणि मी त्या रात्रीपासून एकाच खुर्चीवर झोपू लागलो.

आता मूळ घोटाळ्याकडे येतो. (आलो, एक मिनिट. ही म्हणते आई जागी झाली. नाही, खोकला होता. पाणी ठेवून आलो.) लाटण्यावर रेघ आखायची म्हणजे फार नाजूक काम. मी कागदावर मोजून तिरक्या रेघा काढल्या, त्या अगदी बरोबर काढल्या, हवं तर कागद पाठवतो. तो कागद लाटण्यावर गुंडाळून कडांवरून खुणा करायच्या, असं कोणीही केलं असतं. माझ्या डोक्यात विचार आला, शाई ओली आहे तोवर शाईची बाजू आत ठेवून गुंडाळला तर रेघ आपोआप लाकडावर उमटेल! उमटलीही. सुंदर उमटली. आरशात उमटावी तशी उलटी उमटली. आणि हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण उलटी रेघसुद्धा दिसायला तितकीच देखणी असते.

पहिला बोल्ट पहिल्या नटात शिरला तो क्षण तू बघायला हवा होतास. किर्र किर्र करत, मेण लावलेला, फिरत फिरत (कुठल्या बाजूला, ते बघतो कोण!) पार तळाशी जाऊन बसला. मी तो घेऊन जिन्यातल्या सगळ्या दारांवर दाखवून आलो. बोल्टांची डोकीही बरणीच्या झाकणाएवढी केली आहेत, पान्हा नको, काही नको, हातानं फिरवा. मग पलंग जोडायला घेतला. उजवीकडे फिरवतो आहे, फिरवतो आहे, आणि बोल्ट आत जायच्या ऐवजी नमस्कार करून बाहेर येतो आहे. तेव्हा डोक्यात उजेड पडला. आठ बोल्ट, आठ नट, सगळे एकमेकांशी एकनिष्ठ, आणि सगळ्या जगाशी उलटे. डावीकडे फिरवलं की घट्ट, उजवीकडे फिरवलं की ढिले. हिनं विचारलं, का थांबलात? मी म्हणालो, काही नाही. इतके दिवस भुसा खाल्ल्यावर माणूस ‘चुकलं’ कसं म्हणणार, तूच सांग.

न सांगण्याचं फळ तिसऱ्या संध्याकाळी मिळालं. पलंग जरा हलतो आहे असं वाटलं म्हणून हिनं जाता-येता, चांगल्या मनानं, पायथ्याचे बोल्ट आवळले. उजवीकडे. भरपूर जोर लावून. आई येऊन बसली आणि पलंगाचा पायथा सावकाश, कसलीही घाई न करता, गादी आणि आईसकट जमिनीवर टेकला. आम्ही धावलो.  आई उतरत्या गादीवर ताठ बसलेली, तिनं इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, ‘बरं झालं. उतरायला सोपं.’ मग ती हसायला लागली, ताई. बाबा गेल्यापासून आई तोंडावर पदर घेऊन हसलेली मी पाहिली नव्हती. तिला उठवायला गेलो तो मीही तिथेच बसून हसत राहिलो. फक्त ही भिंतीकडे बघत होती, आणि भिंतीकडे बघून बोलायची सवय तिला तिथूनच लागली. खरं काय ते मला सांगावंच लागलं. ही म्हणाली, तुमच्या डोक्याचे आटे कुठल्या बाजूचे ते मला लग्नानंतर आठवड्यात कळलं होतं, पलंगाचे आज कळले.

त्या दिवसापासून बोल्टांना हात लावायचा तो फक्त मी, असा नियम झाला आहे. आणि लावावा लागतो, कारण कोण जाणे कसे, ते रोज ढिले होतात. संध्याकाळी घट्ट करावे, दुसऱ्या संध्याकाळी एखाददुसरा सैल. मी मेण बदललं, वाळूकागदानं घासले, हवेला दोष दिला. उपयोग शून्य. म्हणून रोज ऑफिसातून आलो की आईच्या पलंगापाशी जमिनीवर बसतो आणि एकेक बोल्ट आवळत एक फेरी मारतो. आई वरून बोलत असते. तू पहिल्यांदा पोहायला गेलीस तेव्हा चप्पल घालून पाण्यात उतरली होतीस, हे मला माहीतच नव्हतं. बाबांना शिट्टी वाजवता येत नसे आणि ते न्हाणीघरात चोरून सराव करायचे, हेही नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून मी तिला ‘जेवलीस का’ आणि ‘गोळी घेतलीस का’ याच्यापलीकडे काही विचारलं नव्हतं. आता आठ बोल्टांना अर्धा तास लागायचा तिथे दीड तास लागतो. मला हे फार आवडतं आहे, ताई. फार.

(उठून गॅलरीत जाऊन आलो. डोळ्यांत भुसा गेला होता.)

असो. रविवारी तुझा टेंपो येणार आहे. पलंग सुटा करून फळ्या दोरीनं बांधून ठेवीन, बोल्ट आणि नट कापडी पिशवीत. ठरलं ते ठरलं. माझी काही आडकाठी नाही. तुमच्याकडच्या दमट हवेत लाकूड फुगेल, नट अडकतील, कुणी सवयीनं उजवीकडे फिरवेल आणि आई पुन्हा जमिनीवर येईल, आणि तुझ्या घरी खाली बसून हसणारं कोण आहे, हे सगळं तू बघून घे. मी काही बोलत नाही. मी फक्त अस्वस्थ आहे, तेही हिच्या उशाशी असलेल्या लाटण्यामुळे असेल.

मुलांना आशीर्वाद. तुझा गरीब भाऊ,

खुडबुड्या

ता. क. : बोल्ट डावीकडे फिरवायचे. हे वाक्य भावोजींना मात्र वाचून दाखव.

ता. क. २ : आता पलंगाखाली डोकावून नट मोजले तर एक कमी भरतो आहे. सगळं घर शोधलं. सात नटांवर पलंग इथे भिंतीला टेकून उभा आहे, तुझ्याकडे उभा राहणार नाही आणि आईला तसा पाठवणं मला योग्य वाटत नाही. नवा करायला महिना तरी लागेल, कारण खुर्ची संपली. तेव्हा टेंपो या रविवारी नको. पुढच्याही रविवारी नको. तुमच्याकडे जड लाकडाची एखादी खुर्ची असेल तर कळव, पण त्यातही घाई नाही.

ता. क. ३ : ताईबाळ, मी आई. हा पाकीट शोधायला उठलाय तेवढ्यात लिहिते. नट याच्या शर्टाच्या खिशात आहे, धुवायला टाकताना मिळाला, मी परत तिथंच ठेवला. त्याला काही बोलू नकोस. पलंग त्या दारातून निघायचाच नाही म्हणून मी ती अट घातली होती, तर यानं तो कापूनच काढला! तुझ्यावर रागावून नाही गं. तू ये, चार दिवस राहा, बसायला पलंग आहे. आणि बोल्ट हवेनं ढिले होत नाहीत. दुपारी सगळी झोपली की एखादा मीच उजवीकडे फिरवून ठेवते.