सुटराले ऊन

४ डिसेंबर

बाही सुटली! बगलेतली गाठ सापडतच नव्हती. सापडली, तोडली — आणि मग सर्रकन अख्खी बाही उसवून धागा मांडीवर. जुनं ऊन, इतकं वाकडंतिकडं की रुची ओरडली, "मम्मी, मॅगी!" तीन वर्षांच्या पोरीला सगळ्या जगात मॅगीच दिसते.

पण रंग! मोरपंखी. असा रंग आता गोंदियात मिळत नाही, मी दुकानं पालथी घालून बसली आहे. आणि इथे दवनीवाड्यात, आपल्याच घरात, पेटीत डांबरगोळ्यांच्या वासात पडून! बाबूजींचा स्वेटर. बाबूजी म्हणजे माझे सासरे — ऑपरेशन झाल्यापासून नागपूरला नणंदेकडे आहेत. आई, म्हणजे सासूबाई, काल सालेकशाला आत्याबाईंना, बाबूजींच्या बहिणीला, पाहायला गेल्या. ऑटोत बसता बसता ओरडल्या — "नूतन, बाबूजीचा सुटर काढ व पेटीतून. उकल त्याले, ऊन दे!"

उकलला. ऊन कोणाला द्यायचं ते काही बोलल्या नाहीत. मलाच असेल! एरवी माझ्या विणायच्या सलायांवर त्यांचं एकच वाक्य — "हातात सलाया, कानात मोबाईल, अन् गॅसवर डार उतू."

डोक्यात काय आहे ते लिहून ठेवते. भिंतीवर टांगायची कथा. विणलेली! एक ओळ म्हणजे एक वाक्य. सुलट टाका म्हणजे बोललेलं, उलट टाका म्हणजे गिळलेलं. मराठीत कोणी केलं आहे का असं? मला तरी माहीत नाही. करतेच.

५ डिसेंबर

लोक विचारतात वेळ कसा काढते. कुकरमध्ये. मी टाके मोजत नाही, शिट्ट्या मोजते. दोन शिट्ट्यांत अर्धी ओळ. भाजी परतली की उरलेली अर्धी. रुची झोपली तर बोनस.

खरं म्हणजे टीनादीदीमुळे जमते. मोठी जाऊ. दुपारी स्वतःच येते, रुचीला कडेवर घेते — "चल ग, तुझी माय कामात हाय. आज काय विणून राहिली लेखिकाबाई? कथा का मोजा?" हसते आणि जाते. दीदी नसती तर माझी एक ओळ झाली नसती. ना विणायची, ना लिहायची.

आज कथेत जिथे वाक्य तुटते तिथे ऊन कापलं. कात्रीनं. मजा आली.

७ डिसेंबर

आई आल्या. पाय धुतले, बाहेर सपरीत टेकल्या आणि पहिलं वाक्य —

"सुटराले ऊन दाखवलं का व? बाबूजी संक्रांतीच्या अगुदर येऊन राहिले. थंडीचे त्याच्याबिगर राहत नाही ते."

मी उभीच.

"आत्याबाईनं इनला हाय तो, लग्नाच्या अगुदरपासूनचा. आता तिले दिसत नाही बिचारीले. काल मले हात लावून लावून इचारत होती — माह्या भावाचा सुटर हाय ना? म्हटलं हाय, पेटीत जपून हाय."

माझ्या खोलीत तेव्हा त्या स्वेटरची फक्त पाठ उरली होती. बाकी कापलेलं.

मी म्हटलं, "आई, त्याला उंदरांनी खाल्लं."

कुठून आलं हे वाक्य? इतकं तयार! एक फालतू शब्द नाही. कथेत असं वाक्य यावं म्हणून मी तीन-तीन दिवस रडते.

आईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. सरळ टीनादीदीकडे वळल्या. "दिवारीच्या साफसफाईत पेटी तूच सरकवली ना व धानाच्या ढोलीजवर?"

"सरकवली आई. पण गोळ्या टाकल्या होत्या मी."

"गोळ्या! उंदराले गोळ्या का औषध हाय?"

मी मध्ये बोलली. हो, बोलली मी. काय बोलली? "मी उरलेलं ऊन जोडून परत विणून देते, आई."

८ डिसेंबर

मला कळलं होतं.

हे इथेच लिहिते. ऑटो वळला तेव्हा सेकंदभर मला कळलं होतं — उकल म्हणजे घडी उकल, ऊन दे म्हणजे अंगणात टाक. सगळं गाव गाद्या-रजया उन्हात टाकून राहिलं आहे, मी काय चंद्रावरून आली? पण आई बालाघाटकडच्या, म्हणजे हिंदी मुलखातल्या. गोंदियाच्या दुकानात जातात तर "भैया, ऊन दिखाओ." घरी येतात तर "पापडाले ऊन दाखव." मी पण लोकर म्हणत नाही, ऊनच म्हणते, सगळेच म्हणतात. एका शब्दात दोन वस्तू. त्यातली मला पाहिजे होती ती मी उचलली आणि दुसरी ऐकूच आली नाही असं केलं.

आणि याहून घाण गोष्ट. काल आईंसमोर उभी असताना, दीदी बोलणी खात असताना, माझ्या डोक्यात काय आलं? वा! काय शब्द सापडला!

थू.

११ डिसेंबर

भिंतीवरची कथा उसवली. कापलेले तुकडे गाठी मारून जोडले. लड्या केल्या, कोमट पाण्यात बुडवल्या, खाली तांब्या बांधून टांगल्या — वाकडेपणा निघावा म्हणून. आई बघायला आल्या. गाठी बघितल्या. "अरे बाप्पा, कितीक कुरतडलं! अन् तू एक एक जोडून राहिली?"

डोक्यावरून हात फिरवला माझ्या. पहिल्यांदा, लग्नानंतर.

१२ डिसेंबर

आईंनी आजपासून मला स्वयंपाक माफ केला. "तू बस व. टीना करते. जिनं केलं तिनं भोगावं."

१६ डिसेंबर

नमुना —
पहिली ओळ: सगळे सुलट. उंदरांनी खाल्लं, उंदरांनी खाल्लं, उंदरांनी खाल्लं.
दुसरी ओळ: सगळे उलट.
तिसरी ओळ: एक टाका गाळा. त्याचं नाव टीना. मागे वळून पाहू नका.

लिहिलं आणि वाटलं छान आहे. मग वाटलं, हुशारी आहे नुसती. फाडणार होती. राहू दिलं. लाज वाटायला काहीतरी पाहिजे ना समोर.

१९ डिसेंबर

खरं लिहू? इतका वेळ मला आयुष्यात मिळाला नाही. सकाळी सपरीत ऊन येते, तिथे बसून विणते. चहा हातात येतो. दुपारी लिहिते पण. दोन कथा झाल्या! चांगल्या आहेत! आणि दीदी मागच्या सांदवाडीत हातपंपावर माझ्या पोरीचे कपडे आपटून राहिली. तो आवाज इथपर्यंत येते. मी आवाजाच्या तालावर विणते, असं लक्षात आलं आज. सलाया खाली ठेवल्या. मग परत उचलल्या.

२१ डिसेंबर

गावभर झालं. शेजारच्या छोटेलालची बायको दूध घ्यायला आली, फाटकातूनच — "काय व टीना, उंदराले थंडी वाजत होती का? सुटर घातला म्हणे तू त्याले!"

सगळ्या हसल्या. आई पण. दीदी म्हणाली, "हो ना, आता टोपी मागून राहिला." सगळ्या अजून हसल्या.

मी पण हसली. हसली मी!

२४ डिसेंबर

ऊन कमी पडलं. गोंदियाला गेली. दुकानदार म्हणतो, "मैडम, ये शेड तो बंद हो गया. ये ले जाओ, थोड़ा डार्क है, रात में कोई फरक नहीं दिखेगा." आणलं. काखेत लावीन, दिसणार नाही.

परत येताना धर्मेंद्रच्या गाडीवर. नवरा आहे, त्याला सांगावं असं दहा वेळा ओठापर्यंत आलं. तोच म्हणाला, "काऊन इतकं मनावर घेऊन राहिली? सुटरच तं हाय. वहिनीनं मुद्दाम थोडी केलं."

मी त्याच्या पाठीवर डोकं टेकवलं. त्याला वाटलं झोप आली.

३० डिसेंबर

दीदी आली. रुची तिच्या खांद्यावर झोपलेली. तिला गादीवर ठेवलं, पांघरूण घातलं, आणि गेली नाही.

"नूतन, एक इचारू?"

"विचारा ना."

"त्या पेटीत लेंड्या नव्हत्या. मी सगळी झाडली. उंदीर खाईल तं लेंड्या टाकीन ना? एक नाही. बाकी कपड्याले पण दात नाही लागला. फक्त सुटरच काऊन खाल्ला त्यानं?"

सलाई हातातून सुटली. एक टाका सुटून खाली घसरत गेला, तीन-चार ओळी.

"तुले काही मालूम हाय का?"

आत्ता. आत्ता बोल. इतकं सरळ कोणी विचारते का? दार उघडून धरलं होतं तिनं माझ्यासाठी.

"नाही दीदी."

तिनं रुचीचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "तुझा टाका सुटला पाह्य," आणि गेली.

४ जानेवारी

झाला. बगलेतला गडद पट्टा दिसत नाही. गळा मूळच्यापेक्षा चांगला बसला. हे लिहायला नको होतं, पण बसला.

६ जानेवारी

दीदीचा भाऊ उमेंद्र आला होता, तिरोड्यावरून, संक्रांतीचं घेऊन. आईंनी त्याला चहा दिला, स्वेटर आणून त्याच्या मांडीवर ठेवला. "पाह्य बापा, तुझ्या बहिणीनं उंदराले चारला अन् माह्या लहानीनं असा उभा केला. एक तोडते, एक जोडते."

उमेंद्र खाली बघत राहिला. चहा तसाच. स्वेटरवर हात ठेवावा की काढावा, कळत नव्हतं बिचाऱ्याला. माहेरच्या माणसासमोर! दीदी आत गेली. बाहेर आलीच नाही, भाऊ जाईपर्यंत.

संध्याकाळी त्यांच्या खोलीतून आवाज. भाऊजी, म्हणजे तिचा नवरा इंद्रकुमार, समजावून राहिले. आणि दीदी — "मले रोज उठून चोर होऊन नाही राहायचं या घरात. चूल अलग करा माही. बस."

उद्या सांगते. देवाशपथ उद्या.

७ जानेवारी

सांगितलं!

आई भाजीला पोपटाच्या शेंगा सोलत होत्या. समोर बसली, आणि एका दमात — उंदीर नव्हते आई, मी उकलला, मी कापला, तुम्ही ऊन दे म्हटलं ते मी लोकर समजली, आणि नंतर घाबरून खोटं बोलली. दीदीचं काही नाही त्यात.

आईंनी शेंग खाली ठेवली. मी डोळे मिटले. मार द्या, शिव्या द्या, काहीही.

"टीनाले वाचवाले खोटं नोको बोलू व."

"खोटं नाही आई!"

"एम.ए. झाली तू. ऊन दे म्हणजे का होते, हे रुचीले पण समजते. तुले नाही समजलं? मले येडी समजते का?" आणि हसल्या. प्रेमानं! स्वेटर आणला, उलटा केला, आतल्या गाठी दाखवल्या मलाच. "ह्या पाह्य. हे दाताचं काम हाय. कात्रीचं असं राहते का? अन् तू कायले कापशील आपल्या हातानं? भोळी हायेस. म्हणून तं तुह्यावर जीव हाय माहा."

मी रडली. आई म्हणाल्या, "पाह्य, दुसऱ्यासाठी रडून राहिली."

दीदी दारात उभी होती. ओले कपडे हातात. कधीपासून, माहीत नाही.

८ जानेवारी

सांदवाडीत गाठली तिला. "दीदी, खरं आहे ते."

"मालूम हाय."

"मी परत सांगते आईंना. भाऊजींना सांगते. उमेंद्रला फोन करते."

कपडा पिळत राहिली. "लेंड्याचं इचारलं तेव्हा मी एकटीच होती ना तुह्या खोलीत? तेव्हा बोलली असती तं मी हसून सोडलं असतं. दोघी मिळून आईले काहीतरी सांगितलं असतं." कपडा झटकला. "आता कोणी मानन नाही. मीच तुले शिकवलं म्हणतीन."

१० जानेवारी

भाऊजींना सांगितलं. म्हणाले, "तू कायले मधात पडते? बायांचं बायांत राहू दे." धर्मेंद्रला सांगितलं. त्यानं माझ्याकडे खूप वेळ पाहिलं. त्याला पटलं. त्यालाच पटलं फक्त. तेव्हापासून बोलत नाही.

१३ जानेवारी

बाबूजी आले. बारीक झाले. स्वेटर घातला, बरोब्बर बसला.

१४ जानेवारी

आज अंगणात दोन चुली पेटल्या. बाबूजी स्वेटर घालून इकडे चहा प्यायले, मग हळूहळू चालत तिकडे गेले, तिकडे प्यायले. रुची त्यांचं बोट धरून. तिकडे बसून बाही चाचपून म्हणाले, "आत्याबाईच्या हातचं नाही वाटत हे. कोणं केलं व, टीना?"

दीदीनं चुलीत फुंकलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नूतननं केलं, बाबूजी. सगळं."