तीन मुठींचं परीक्षण

३ फेब्रुवारी, सकाळी ७
जब्बारची कादंबरी छापून आली. नाव 'ओली गाडी'. पंपांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसून माणसानं एकशे ब्याण्णव पानं लिहिली! पहिली प्रत काल स्वतः घरी आणून दिली. म्हणाला, सदा, बाकीच्याईचं मले काही नाही. तू वाच, अन् तुले काय वाटलं ते सांग. प्रत दोन्ही हातांनी पुढे केली. साहजिक आहे. दिग्रसमध्ये गावच्या लेखकांची परीक्षणं लिहिणारा मी एकटाच. आजवर चार लिहिली. चारही लेखक मला पाहून रस्ता बदलतात. दरारा आहे.
संकल्प: रोज वीस पानं. शेवटच्या ओळीपर्यंत.

५ फेब्रुवारी
काल शून्य पानं. डोळ्यांतून पाणी येतं. मफलर बांधूनही कानात वारा गेला. तानाबाई म्हणते, सीरियल पाहताना नाही येत वाटते पाणी? बायको असली तरी चौथी शिकलेली. मी सातवी पास. मफलर आणखी घट्ट बांधला.

७ फेब्रुवारी
एकूण पानं: नऊ. गावच्या साप्ताहिकाचा संपादक इंद्रजीत, त्याचा फोन. परीक्षण परवापर्यंत पाहिजे.
काळजी नाही. जिनिंग फॅक्टरीत एकतीस वर्षं कापसाचा ग्रेडर होतो. कापसाची अख्खी गाडी कोणी उपसून पाहत नाही. वरून एक मूठ, मधून एक, तळातून एक. धागा ओढायचा, ओल पाहायची, भाव सांगायचा. पुस्तकाचं वेगळं काय? मागची चारही अशीच केली.

९ फेब्रुवारी
तिन्ही मुठी झाल्या. बीपीची गोळी घेतली.
वरची मूठ: बापूजी नावाचा ग्रेडर. उन्हाळ्यातही मफलर, शिंक आली की दवाखाना, शेतकऱ्यांवर खेकसतो. मधली: एका म्हाताऱ्याची गाडी ओली म्हणून परत पाठवतो. तळची: रिटायर झालेला बापूजी जिनिंगच्या फाटकाशी एकटाच बसलेला.
हा मीच! आणि ती गाडी जब्बारच्या बापाची. मी परत पाठवली होती, नियमच होता. दोस्ती त्यानंतरची. चाळीस वर्षं रोज चारला माझ्याकडे चहा पितो आणि मनात हे!
दोन तासांत लिहून काढलं. शेवट: 'असा ग्रेडर आपल्या गावात कधी झालाच नाही. लेखकास माणूस कळत नाही. त्यांनी मोटारीच दुरुस्त कराव्यात.' इंद्रजीत म्हणाला, काका, जरा नरम करता काय? म्हटलं, एक शब्द हलणार नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
छापून आलं. नाव ठळक अक्षरात. जब्बार चारला आला नाही. टीका पचायला वेळ लागतो.

१४ फेब्रुवारी
आज चौथा दिवस. माफी मागायला आला तर लगेच माफ करायचं नाही. आधी थोडं खोकायचं. चारला दोन कप मांडून ठेवले होते. तानाबाईनं एक उचलून नेला.

१६ फेब्रुवारी, दुपारी
तानाबाईनं कादंबरी वाचून संपवली. अख्खी. तुरीच्या शेंगा सोलता सोलता. डोळे पुसत होती. विचारलं, एकशे दहावं पान वाचलं का तुमी? म्हटलं, तिथे हात पडला नाही. तिनं मोठ्यानं वाचलं.
गाडी परत पाठवल्यावर संध्याकाळी बापूजी त्या म्हाताऱ्याला गाठतो. ओला कापूस आपल्या गच्चीवर नेतो. नवरा-बायको दोन दिवस वाळवतात. तिसऱ्या दिवशी तीच गाडी पास करतो आणि जन्मभर कोणाला सांगत नाही.
तानाबाई म्हणाली, आपली गच्ची तर तवाबी होती. मंग आपण कायले नाही वाळवला?
म्हटलं, मला तेव्हा सर्दी होती.
ती म्हणाली, जब्बारभाऊनं तुमाले तुमच्याहून चांगलं लिहिलं जी.
शेंगा घेऊन आत गेली.

१७ फेब्रुवारी
संकल्प: जब्बारकडे जाणे. दुसरं परीक्षण लिहितो म्हणून सांगणे. या वेळी सगळं वाचून. खूश होईल.

रात्री ८
गेलो होतो. जब्बार तांब्याची तार गुंडाळत होता. मला पाहून उठला. फडक्यानं स्टूल पुसलं. या सदाशिवराव, बसा. चाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी स्टूल पुसलं नव्हतं. हॉटेलातून चहा मागवला, सोबत बिस्किटं. स्वतः घेतला नाही.
मी दुसऱ्या परीक्षणाचं सांगितलं. म्हणाला, कायले तकलीफ घेता. बरोबरच लिहिलं तुमी. तसा माणूस गावात झालाच नाही. मीच आपला मनात बनवून राह्यलो होतो.
रागावला नव्हता. रागावला असता तर मला बोलता आलं असतं.
चहा संपला. त्यानं विचारलं, घरची मोटार बिघडली काय?
म्हटलं, नाही.
त्यानं मान हलवली आणि तार हातात घेतली. मागे एक गिऱ्हाईक पंप घेऊन उभं होतं. मी स्टूल सोडलं.