तीनदा घेतलेली साडी

माय,

मंगळवारी मी सातवा महिना चालू असलेल्या एका बाईला शिधा न देता परत पाठवलं. तिनं फोनसमोर तोंड उघडं केलं नाही, एवढंच कारण. ती गेली तेव्हापासून तू माझ्या समोरून हलत नाहीस, म्हणून लिहिते आहे.

माझी नोकरी तुला ठाऊक होती, पण ही नवी पद्धत तू गेल्यानंतरची. लातूर जिल्ह्यात, अहमदपूरच्या पलीकडच्या अंगणवाड्यांवर मी अजून पर्यवेक्षिका आहे. आठ महिन्यांनी निवृत्त होईन. गरोदर बायकांना घरी न्यायला कोरडा शिधा मिळतो. पूर्वी सही किंवा अंगठा घेऊन देत होतो. आता सेविकेच्या फोनला बाईचा चेहरा दाखवावा लागतो. पापण्या मिटा, उघडा, असं फोन सांगतो. चेहरा जुळला की नोंद होते आणि नोंद झाली की पिशवी द्यायची. मंगळवारी त्या गावात मी तपासणीला बसले होते. ती सगळ्यांच्या शेवटी आली. पदर नाकापर्यंत ओढलेला, दोन बोटांत घट्ट धरलेला. सेविकेनं फोन वर केला तशी तिनं मान खाली घातली.

"वर बघ गं बाई. दोन मिनिटांचं काम हाय."

"न्हाई."

"मागल्या महिन्यात तर बघितलं होतंस की."

"बघितलं म्हणूनच न्हाई."

मागून एकजण म्हणाली, "लई ऐटीची हाय मॅडम ही. नवऱ्याला तरी तोंड दाखवती का, इचारा." सगळ्या हसल्या. मला अजून दोन गावं करायची होती. मी म्हणाले, "तोंड काय सोन्याचं आहे तुझं? सगळ्यांनी दाखवलं. दाखव, नाहीतर रिकामी जा."

ती रिकामी गेली. पिशवी टेबलावर होती, तिच्या हातापासून वीतभर. तिच्या नावापुढं वजनाच्या रकान्यात एक्केचाळीस किलो लिहिलेलं मी नंतर पाहिलं. ते पाहायच्या आधीच शेऱ्याच्या रकान्यात माझ्या हातानं लिहून मोकळी झाले होते: लाभार्थी लाजते. प्रशिक्षणात हेच सांगतात. खेड्यातल्या बायका कॅमेऱ्याला लाजतात, सवय नसते, समजावून सांगा. मी तर समजावलंही नव्हतं.

बायका पांगल्यावर सेविका जवळ आली. "मॅडम, एक बोलू का? रागवू नका. मागल्या महिन्यात तिचा वाटपाचा फोटो आपण सेविकांच्या ग्रुपवर टाकला. कुणीतरी तो पुढं पाठवला. पार तिच्या माहेरी, उदगीरकडं गेला. बाप आला, दारातच उभा राहिला, पाणी सुदिक पेला न्हाई. आमची पोरगी पिशवीसाठी हात पसरून राहिली म्हणला, अन् तसाच माघारी गेला. तवापासून माहेरचा फोन न्हाई तिला. बाळंतपण कुठं करावं, हा घोर हाय."

"ग्रुपवर टाकायला कुणी सांगितलं होतं?" मी विचारलं.

तिनं ग्रुप उघडून फोन माझ्यापुढं धरला. मीच सांगितलं होतं. फोनला फक्त चेहरा लागतो, तो ग्रुपवर जात नाही. देतानाचा फोटो ही माझी शिस्त. 'फोटो नाही तर वाटप झालं नाही असं समजेन,' हा माझा निरोप ग्रुपवर तसाच होता. देणारीचा हात, घेणारीचा हात, मध्ये पिशवी, आणि दोघींची तोंडं स्पष्ट. असा फोटो कुठल्या परिपत्रकात लिहिलेला नाही. तो मी लहानपणी पाहिला होता, माय, आणि कुठं पाहिला ते तुला माहीत आहे.

किनवटच्या वसतिगृहाचं अंगण. तू तिथं स्वयंपाकाला, मी चौथीत. त्या साली पाऊस नव्हता, आणि नांदेडचे एक शेठजी साड्या वाटायला आलेले आहेत. तू चुलीपासून उठून येतेस, मनगटापर्यंत पीठ. हात धुवायलाही तुला वेळ दिलेला नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघते आहे. तू ओंजळ पुढं करतेस. शेठजी साडी वरून सोडतात, हाताला हात लागणार नाही एवढ्या उंचीवरून. तू वळतेस तेवढ्यात फोटोवाला ओरडतो, "थांबा, थांबा. नीट आला न्हाई." साडी तुझ्याकडून काढून घेतात, घडी घालतात, पुन्हा शेठजींच्या हातात देतात. "बाई, हात जरा वर. तोंड इकडं. हसा की, साडी मिळून राहिली!" दुसऱ्यांदा तुझे डोळे मिटले. तिसऱ्यांदा तू हसलीस. तुला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. ती हिरवी साडी तू एकदाही नेसली नाहीस. गोधडीच्या आतल्या थरात घातलीस, वरून दिसणार नाही अशी.

हे सगळं पाहिलेली मी पुढं कशी वागले? बी. ए. झाले तेव्हा नांदेडच्या स्टुडिओत काळा झगा घालून बसले, शेजारी तुझ्यासाठी खुर्ची मांडून घेतली. तू किनवटहून रेल्वेनं आली होतीस, धुतलेलं पांढरं पातळ नेसून. दारातून आत येईनास. स्टुडिओवाला घड्याळ बघायला लागला. त्याच्यासमोर मी म्हणाले, "शिकलेल्या मुलीची आई अशी गावंढळासारखी वागते का?"

तू शांतपणे म्हणालीस, "तुझा तू काढ. तू शिकलीस. माझा हात कशाला त्यात?"

"हात नाही गं, तोंड काढायचंय."

"फोटोवाल्यायला दोन्ही लागतंय, बाई."

मी हट्टानं खुर्ची काढू दिली नाही. तो फोटो लातूरच्या घरात लावलेला आहे. मी, झगा, गुंडाळी केलेला कागद आणि रिकामी खुर्ची. कुणी विचारलं तर स्टुडिओचं सामान आहे म्हणते. तू गेलीस तेव्हा भिंतीवर लावायला तुझा एकही फोटो निघाला नाही. मी नातेवाइकांना सांगितलं, आई लाजाळू होती. तेव्हाही तोच शब्द वापरला. तू लाजाळू कुठं होतीस? पन्नास पोरींना एका हाकेत पंगतीला बसवत होतीस, रेशनवाल्याला भर दुकानात पोतं पुन्हा मोजायला लावत होतीस. तुला कॅमेऱ्याची सवय नव्हती असंही नाही. तू त्याला एकदा पुरतं ओळखलं होतंस, आणि ती मंगळवारची पोर त्याला ओळखून होती.

काल सकाळी मी ग्रुपवरचा माझा निरोप पुसला, वाटपाचे फोटो पुसले, आणि यापुढं देतानाचे फोटो कुणी टाकायचे नाहीत असं लिहिलं. जे पुढं गेले ते परत येत नाहीत. मग पिशवी घेऊन तिच्या घरी गेले. ती अंगणात धुणं वाळत घालत होती. मला बघताच ओल्या हातानं पदर ओढला.

"फोन आणलाय का?"

"पर्समध्ये आहे. काढणार नाही."

"अन् तुमची नोंद?"

"ती माझी मी बघते. बाळंतपणाचंही बघते, दवाखान्यात मी सोबत येईन. वडलांना सांगायचं असेल तर सांग, फोटो टाकायला मी लावला होता. म्हणशील तर मी जाऊन सांगते."

तिनं पिशवी माझ्याकडून घेतली. पिशवी जड होती, दोन्ही हात लागले, तेव्हा पदर सुटला. मी मान वळवून दोरीवरच्या कपड्यांकडं बघत राहिले.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही कामून लाजून राहिल्या?"

वरून विचारणा होईल, तिचं उत्तर मी देईन. तुला द्यायचं एक उत्तर मात्र राहून गेलं आहे. शेठजींचा फोटो पेपरात आला, ते कात्रण वर्षभर वसतिगृहाच्या जेवणाच्या खोलीबाहेर फळ्यावर होतं. त्याखालून तू रोज भाताचं पातेलं नेत होतीस, आणि पोरी ताट पुढं करून म्हणत होत्या, "बाई, हात जरा वर, हसा की." ते गुरुजींनी चिकटवलं असं तू शेवटपर्यंत धरून चाललीस, किंवा तसं दाखवलंस. एका दुपारी मी तुझ्याकडं वाटीभर खळ मागितली होती, आठवतं? कशाला म्हणून तू विचारलंस. मी नकाशा चिकटवायला म्हणाले. नकाशा नव्हता, माय. माझी आई पेपरात आली होती, आणि ते सगळ्यांना दिसावं असं मला वाटत होतं. तुला वाचता येत नव्हतं आणि हे पत्र कुठं जाणारही नाही, तरी एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. ते तपासणीच्या वहीत राहील, या नोंदीच्या पाठीमागं.

बुधवार. गरोदर, सातवा महिना, वजन एक्केचाळीस किलो. गहू, हरभरा, मूगडाळ, तिखट, हळद, मीठ. एक पिशवी, सीलबंद, घरी जाऊन दिली. फोनमध्ये नोंद नाही. फोटो नाही. मंगळवारचा शेरा खोडला. एकदाच दिली.