इंग्रजी आठ

३ डिसेंबर
नवे बूट आले. पांढरेशुभ्र, खाली चार-चार चाकं. घातले आणि वाटलं, दोन्ही पायांना प्लास्टर केलंय. घोटा वाकेल तर शपथ. भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत गेले, ओट्याला मिठी मारून थांबले.
हे पेपरातून मान वर न काढता : "पडलीस तर डॉक्टरला काय सांगू? साठी उलटलेली बायको चाकांवरून घसरली?"
सांगा. खरंच आहे ते.
जुने बूट कॉन्व्हेंटमधले. दिवाळीत तळ सुटला, चांभारानेही हात जोडले. कसे मऊ होते... जाऊ दे.

४ डिसेंबर
नसरीनचं पक्कं झालं. २१ला बीड सोडून हैदराबादला, मुलीकडे, कायमची. तिच्याआधी आमचा चाकांवरचा आठ व्हायलाच हवा.
सिस्टरनी आम्हा दोघींना औरंगाबादच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकवला होता. पाठीला पाठ लावून निघायचं, न.ने उजवं वर्तुळ, मी डावं, एकाच पायावर. परत मधोमध येऊन टाळी. गॅदरिंगच्या तोंडावर न.चं लग्न ठरलं, शाळा सुटली, टाळी राहिली. मग दोघींचे संसार, बूट माळ्यावर. गेल्या वर्षी खाली काढले. जुन्या बुटांवर जरा जमत आलं होतं, तर हे नवे!

७ डिसेंबर
कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयात सकाळी सराव. लग्न नसलं की मॅनेजर हॉल उघडून देतो. काल लग्न होतं. आमच्या कामवाल्या सुमनला सोबत नेलं, तिने दोनदा झाडलं तरी कोपऱ्यांत अक्षता. चाकाखाली तांदूळ आला आणि मी सरळ नवरा-नवरीच्या सोफ्यात.
न. : "बैठ गे, बैठ. तेरा दूल्हा कहाँ है?"
अक्षतांचं ठीक. पण डावा बूट आतल्या बाजूला ओढतो. वर्तुळ काढायला जावं तर मी स्टेजकडे. पाय म्हातारा झाला की बूट वाकडा बसवलाय, कळत नाही. टाचेला फोड. नाडी सैल केली तर घोटा डुगडुगतो, आवळली तर मुंग्या.

१० डिसेंबर
कहर. सुमनने बुटांना करडईचं तेल चोपडलं. आतून, बाहेरून, चाकांनासुद्धा.
"बाई, चप्पल चावली की आमी तेलच लावताव."
"ही चप्पल आहे का?"
"मंग काय हाय? पायातच घालायलात ना?"
दुपार चाकं पुसण्यात गेली. पांढरे बूट आता पिवळट. घरभर भजी तळल्यासारखा वास. ह्यांनी विचारलंसुद्धा, भजी कुठायत?
जाताना सुमन : "तेल न्हाई तर न्हाई. मंग तुमीच आधी चावा त्याला. आपण चावलं की ते न्हाई चावत." म्हटलं, जा घरी.

१३ डिसेंबर
फरशीवर खडूची रेघ असली तर पाय ओळीत राहील, असं मला वाटलं. सुमनला म्हटलं, मी बूट बांधतेय तोवर मोठा आठ काढून ठेव. मान वर केली तर स्टेजपासून जेवणाच्या हॉलच्या दारापर्यंत लांबलचक, डौलदार
८.
वर टोक, खाली दोन पाय फाकलेले. न. खुर्चीवर बसून डोळे पुसत हसतेय.
"अगं, इंग्रजी आठ!"
"मंग तसं सांगायचं. आमच्या शाळंत असाच हाय."
मी चिडले. आठच दिवस उरलेत आणि न.ला हसू येतंय. खडूही संपला. चिडायला नको होतं, पण बूट चावत असताना माणूस काय गोड बोलणार.

१६ डिसेंबर
लग्नतिथी. हॉल बंद. घरात नुसतं बूट घालून बसणं. ओले मोजे, वर बूट, गुडघे वाकवून डाळ निवडणं. मग हे अंघोळीला गेल्यावर दार लावलं आणि डाव्या बुटाची टाच चावले. चांगली, दात रुतेपर्यंत. चव : करडई आणि नवं चामडं. सिस्टर असत्या तर...
कोणाला सांगायचं नाही.

१९ डिसेंबर
टाच चावत नाही! पण ओढणं तेच. तीनचतुर्थांश वर्तुळ सुरेख, आणि मग आत. न.ने शिट्टी वाजवून थांबवलं, "फिर से." परत आत. "फिर से." सिस्टरचाच सूर. रडू आलं, बुटांवर ढकललं.

२० डिसेंबर
शेवटची सकाळ. न.च्या घरी सामान बांधायला माणसं आलेली, तरी आली. पाठीला पाठ लावली. तिची पाठ किती बारीक झालीय.
निघालो. अर्ध्यापर्यंत खाली पाहिलंच नाही. मग बूट ओढायला लागला, मीही ओढलं, आणि मधोमध न. हात पसरून उभी, आणि मी तिच्या हातभर अलीकडून... निघून गेले. थेट दारापर्यंत. थांबवताच आलं नाही.
न. तिथेच उभी. हात तसाच.
"वीणा, तेरा आठ मराठीच है गे."
दोघी हसलो. मग हसू थांबलं. सुमन झाडू घेऊन दुसरीकडे बघत राहिली.

२३ डिसेंबर
बूट उन्हात ठेवलेत. उजवा मऊ झालाय. डाव्यावर दातांची खूण, हे म्हणाले उंदीर.
न.चा संध्याकाळी फोन. मुलीच्या घराजवळ बर्फाचं मैदान आहे म्हणे, दुकानांच्या वरच्या मजल्यावर. चाकं नाहीत, बुटांखाली पाती. घसरायला लई सोपं, म्हणाली. ही बीड सोडून गेल्यावर 'लई' म्हणते!
"तेरे पाँव का नंबर बोल. मँगाके रखती."
परत नवे बूट! आत्ता कुठे ह्या एकाची टाच वळायला लागलीय. मी भडकले, कुकर लागलाय म्हणून फोन ठेवला.
कुकर लागलेला नव्हता. पट्टी शोधली, भिंतीला टाच लावून पाऊल मोजलं. डावं पाऊल उजव्यापेक्षा थोडं मोठं निघालं. तिला कुठला नंबर सांगायचा?