सारवणावरचा डावा पाय

नवेगाव बांध,
३ ऑगस्ट २०२५

चि. रविता हिस रेवाराम आबाजीचे अनेक आशीर्वाद.

तू खेळाच्या वसतिगृहात पोचल्याचा फोन तुझ्या बाबाला आला. पण फोनवर तुझ्या पळणे शिकवणाऱ्या मॅडम शेजारीच बसून राहतात, म्हणून लिहितो. इकडे इटियाडोह धरणाचे पाणी सुटले, धानाचा रोवणा अर्धा झाला. तुझी आजी म्हणते, पोरगी दोन दिवस आली अन् भाताचा नुसता वास घेऊन गेली.

एक गोष्ट मनात सलते. तू निघालीस त्या सकाळी आजीने अंगण सारवले होते. ओल्या सारवणावर तुझी पावले उमटली. उजवे पुरे, डाव्याचा नुसता बाहेरचा काठ. मी विचारले तर तू हसून मनगटावरचे घड्याळ दाखवलेस, की दिवा हिरवा आहे म्हणजे तू ठणठणीत. बाई, घड्याळ हातात अन् पाय जमिनीवर. त्याला काय दिसते, ते मला समजावून लिही.

लोभ आहेच, पत्राने तो वाढव.
तुझा आबाजी

नागपूर,
७ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींना रविताचा सा. न. वि. वि.

तुम्ही बैल पारखावा तसे मला पारखून राहिले. शिंगे तेवढी रंगवायची बाकी आहेत.

घड्याळ नाडी आणि झोप मोजते. छातीच्या पट्ट्यातून मी किती आणि कशी पळाले तेही मॅडमच्या टॅबवर जाते. शरीरावर भार फार झाला तर लाल दिवा लागतो, मग त्या दिवशी पळायचे नाही. फक्त दुखणे त्याला कळत नाही. म्हणून रोज सकाळी ते विचारते, किती दुखते, शून्य ते दहा. तो आकडा आपण भरायचा. मागच्या महिन्यात माझ्या खोलीतल्या खुशीने सहा भरले. तिला आरामाला घरी पाठवले, आणि आठव्या दिवशी तिच्या पलंगावर दुसरी मुलगी आली.

मी रोज शून्य भरते. २४ तारखेला राज्याच्या संघाची निवड आहे. पाय बरा आहे. खरेच बरा आहे.

आजीला विचारा, नडगीला कोणते तेल लावायचे. मला नको, एका मैत्रिणीला हवे आहे.

सर्वांना नमस्कार. माया असू द्या.
रविता

नवेगाव बांध,
१२ ऑगस्ट २०२५

चि. रविता हिस आशीर्वाद.

तेल आजीने बाटलीत भरून ठेवले, पण मी पाठवत नाही. आधी हे वाच.

तुझ्या जन्माआधी आपल्याकडे डोमा नावाचा बैल होता. चारा खात होता, रवंथ करत होता. एके सकाळी पाणी पिताना तो एक पाय हलकाच टेकवून राहिला होता. मला दिसले. पण चिखलणी अडली होती. मी म्हटले, खातो-पितो आहे, याला कायले दुखेल? तिसऱ्या दिवशी बांधीच्या उंच धुऱ्यावरून खाली उतरताना त्याचा पाय मोडला. तो आवाज माझ्या कानातून गेला नाही. तो बैल पुन्हा उभा राहिला नाही.

बैलाला तोंड नव्हते, बाई. तुला आहे, अन् यंत्र तुला रोज विचारते. मी तर डोमाला एकदाही विचारले नाही.

त्या मैत्रिणीला सांग, नडगीवर एक बोट दाबत दाबत खाली ये. सगळीकडे दुखले तर थकवा. रुपयाएवढ्या एकाच जागी जीव कळवळला तर हाड बोलून राहिले. हे मला गुरांच्या डॉक्टरने शिकवले होते. माणसाचेही असेच का, ते इथल्या दवाखान्यातल्या बाईंना विचारून घेतले. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या.

मॅडमला पत्र लिहायला घेतले अन् फाडले. ते तुझे काम. मला मात्र भाकर गोड लागत नाही.

जीव सांभाळ.
आबाजी

नागपूर,
१७ ऑगस्ट २०२५

ती. आबाजींना सा. न. वि. वि.

मैत्रीण कुणी नव्हती, ते तुम्हाला तेव्हाच कळले असणार.

बोट दाबले. एकच जागा. काल सकाळी शून्य भरले, पुसले. तीन भरले, पुसले. मग सात भरले. आबाजी, तरी दिवा हिरवाच राहिला. पण न्याहारीआधी मॅडम खोलीत आल्या आणि किती दिवसांपासून, एवढेच विचारले. मी खरे सांगितले, जुलैपासून.

हाडाला केसाएवढी चीर आहे. डॉक्टर म्हणाले, चोवीसला पळाली असती तर मैदानातच हाड दुभंगले असते. आठ आठवडे पळणे बंद. कुबडी दिली आहे. मी पलंगाचे विचारले. मॅडम म्हणाल्या, ते त्यांच्या हातात नाही, पण त्या वर भांडतील. खुशीच्या वेळीही त्या भांडल्या होत्या का, हे विचारायची हिंमत झाली नाही. माझी चादर मी पलंगावरच ठेवून येणार आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबाला घ्यायला पाठवा. रागावू नका. मला फार भीती वाटते.

तुमची रविता

नवेगाव बांध,
पोळ्याचा आदला दिवस

चि. रविता हिस आशीर्वाद.

हे तुझ्या बाबाच्या हातीच देतो, गाडीत वाच.

रागावू काऊन? भीती मलाही वाटते. पलंग राहील की जाईल, मला ठाऊक नाही, अन् खोटा हिरवा दिवा मी दाखवणार नाही.

आज सांजेला बैलांचे खांदे शेकायचे आहेत. तू येईपर्यंत मी थांबतो. हळद-तुपाची वाटी तू धर, पळसाच्या पानाने मी लावतो. या वेळी खांद्यांसोबत चारही खूर पाहीन.

आजीने अंगण सारवले नाही. ओल्यावर कुबडी घसरेल म्हणते. पोळ्याला अंगण कोरडे, असे या घरात पहिल्यांदाच होऊन राहिले. तुझा डावा पाय पुरा टेकेल त्या दिवशी ती सारवेल, अन् मी पाहत उभा राहीन.

खांदे शेकताना बैलांना म्हणतो तेच तुला म्हणतो, बाई. आज आवतन घे, उद्या जेवायला ये.

तुझा आबाजी